यादीच्या अलीकडची आणि पलीकडची

भंडारा जिल्ह्यात जन्मजात हृदयरोग असलेली मुलं किती, असं कुणी विचारलं की माझ्यापुढे दोन उत्तरं असतात. एक आमच्या रजिस्टरमधलं, दुसरं साध्या गुणाकाराचं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या होती १२ लाख ३३४. वर्षाला पंधरा ते अठरा हजार जन्म धरा. जगात कुठेही जा, हजार जिवंत जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतोच. देशागणिक हा दर थोडा इकडेतिकडे होतो, एवढंच. म्हणजे आपल्या जिल्ह्यात दरवर्षी सव्वाशे ते दीडशे. त्यातली बरीच भोकं बारीक असतात, आपोआप बुजतात. पण साधारण पाचव्या हिश्शाला पहिल्या वर्षाच्या आत, काहींना तर पहिल्या पंधरवड्यातच, ऑपरेशन लागतं. पाचवा हिस्सा म्हणजे पंचवीस-तीस बाळं. दरवर्षी.

ही पंचवीस-तीस बाळं आमच्या रजिस्टरमध्ये नाहीत. एखाद-दुसरं असतं. बाकीची आमची गाडी गावात पोचायच्या आधीच निघून गेलेली असतात.

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात वैद्यकीय अधिकारी आहे. आयुर्वेदाची पदवीधर, कंत्राटी. हृदयरोगतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकते. ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच राज्यात, पालघरला, या कार्यक्रमाची सुरुवात झाली. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक एएनएम, एक गाडी आणि गाडीला बांधलेला फलक, असा आमचा संसार. अंगणवाडी वर्षातून दोनदा, शाळा वर्षातून एकदा. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतचं प्रत्येक मूल तपासायचं. फलक दिसला की ‘सुईवाले आले’ म्हणून निम्मा वर्ग धानाच्या बांध्यांतून पळत सुटतो. त्यांना धरून आणायचं काम गुरुजींचं, आणि ते काम गुरुजी मोठ्या हौसेनं करतात.

माझा बराचसा वेळ चुलबंद नदीच्या काठच्या गावांत जातो. अंगणवाडीत हृदय ऐकणं वाटतं तितकं सोपं नाही. पंखा बंद करायचा, खिचडीच्या पातेल्यांचा आवाज थांबवायला मदतनीस ताईंना विनवायचं, स्टेथोस्कोपची चकती तळहातावर चोळून गरम करायची. गार चकती लागली की मूल असं किंचाळतं की पुढची दहा मिनिटं रडण्याशिवाय काही ऐकू येत नाही. मग छातीच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या कडेला, दोन ठोक्यांच्या मधे एक लांबट ‘शूऽऽ’ येतो का ते बघायचं. इथे आपल्या भागाची एक खास अडचण आहे. पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा, आणि अंगात रक्त कमी असलेल्या मुलाच्या हृदयातूनही असाच आवाज निघतो, कारण पातळ रक्त वेगानं धावतं. त्यामुळे आवाज आला म्हणजे भोक सापडलं, असं होत नाही. जीभ बघावी लागते. सावळ्या कातडीवर ओठांचा निळेपणा लपून राहतो. मुलाला दाराशी, सूर्याच्या उजेडात नेऊन जीभ आणि हिरड्या पाहायच्या. नखांची टोकं फुगीर आहेत का बघायचं. दूध पिताना कपाळाला घाम येतो का, हे आईला विचारायचं. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त कामाचा वाटतो; मशीन लागत नाही आणि आया त्याचं उत्तर कधी चुकवत नाहीत.

एका गावात दीड वर्षाच्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला मी विचारलं, रडला की काय होतं? ती म्हणाली, ‘रडला का ओठ कारे पडतेत जी.’ शेजारच्या सासूनं तिला दटावलं. बाहेरचं लागलं होतं, उतरवलं, आता बरा आहे, असं सासूचं म्हणणं. मूल त्या वेळी माझ्या ओळखपत्राची दोरी चघळत होतं, आणि त्याची जीभ जांभळाएवढी नसली तरी जांभळट होती. संदर्भचिठ्ठी लिहिली. बापानं विचारलं, ‘रोवणी झाल्यावर नेलं त चालन का जी?’ जुलै महिना होता, बांधीत मजूर मिळत नव्हते, पऱ्हे वाढून चालले होते; त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी नाही म्हटलं आणि त्यानं ऐकलं. भंडाऱ्याला टू-डी इकोत ‘फॅलोज टेट्रालॉजी’ निघाली. एकाच वेळी चार बिघाड, त्यातले मुख्य दोन: खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. अशी मुलं थोडी मोठी झाली की खेळता खेळता मधेच उकिडवी बसतात. कुणी शिकवलेलं नसतं. तसं बसल्यावर फुप्फुसाकडे जास्त रक्त जातं, हे शरीराला कळलेलं असतं. मैदानावर उकिडवं बसलेलं मूल शिक्षकांनी आळशी समजू नये, एवढं जरी या लेखातून पोचलं तरी पुष्कळ.

पुढे त्या मुलाचं ऑपरेशन झालं, तो चांगला आहे. आमच्या मासिक अहवालात तो यशाच्या रकान्यात आहे आणि असायलाच हवा. पण तो यादीत आला कारण तो दीड वर्ष जगला. यादीत नाव लागायला जगावं लागतं, ही आमच्या मोजणीची पहिली अट आहे आणि ती कुठल्याच परिपत्रकात लिहिलेली नाही.

सगळ्यांना ती पुरी करता येत नाही. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेलं बाळ घ्या. पोटात असताना त्याचं काहीच अडत नाही, ऑक्सिजन आईकडून येतो. जन्मल्यावर ते गुलाबी दिसतं, रडतं, अंगावर पितं. दोन रक्तवाहिन्यांना जोडणारी एक छोटी नळी गर्भात प्रत्येक बाळाला असते. तिच्यातून आणि वरच्या कप्प्यांमधल्या छोट्या झरोक्यातून थोडंफार शुद्ध रक्त मिसळत राहतं, त्यावर हे बाळ तगलेलं असतं. ही नळी जन्मानंतर दोन-तीन दिवसांत बंद होऊ लागते. निरोगी बाळात ती बंद झालीच पाहिजे. या बाळात ती बंद झाली की खेळ संपतो. आणि नेमकं तोवर बाळ-बाळंतीण घरी गेलेली असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ पिणं सोडतं, धापा टाकतं, रात्रीतून जातं. गावात म्हणतात, दूध अडकलं. आशाताईंच्या कागदावर श्वास कोंडला किंवा न्यूमोनिया लिहिलं जातं. त्यात आशाताईंचा दोष नाही. त्यांच्या हातात दुसरं काही लिहायला आधार कुठे असतो?

नवजात बाळांच्या मृत्यूबद्दल भंडाऱ्यात बोलताना जीभ जड होते. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. ती दहा देशानं मोजली, चौकशा झाल्या, राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. मोजलेल्या मृत्यूबद्दल निदान एवढा तरी जाब विचारता येतो. घरी, अंधाऱ्या खोलीत, चौथ्या दिवशी गेलेल्या बाळासाठी कुणीच कुणाला जाब विचारत नाही.

आता श्रीमंत देशांकडे बघू. तिथे हा आजार घटला, असं सरसकट लिहिलं जातं. ते अर्धं खरं आहे. घटले ते मृत्यू. ‘जागतिक आजारभार’ अभ्यासाप्रमाणे १९९० ते २०१७ या काळात जगभरात जन्मजात हृदयरोगानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. तरीही २०१७ मध्ये ते २ लाख ६१ हजार होते, त्यातले बहुतेक वर्षाच्या आतल्या बाळांचे आणि बहुतेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. त्याच काळात हा दोष घेऊन जगणाऱ्यांची संख्या मात्र वाढून सव्वा कोटीच्या जवळ पोचली. स्वीडनमध्ये आता हृदयदोष घेऊन जन्मलेल्या शंभरातली ९७ मुलं अठराव्या वर्षापर्यंत पोचतात. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात २०१० मध्ये या आजाराच्या रुग्णांपैकी दोन तृतीयांश प्रौढ होते. त्याच प्रांतातला १९८७ ते २००५ चा मृत्यूंचा आलेख पाहण्यासारखा आहे. सुरुवातीला त्यावर दोन उंचवटे दिसतात, एक बाळांचा आणि एक म्हाताऱ्यांचा. शेवटाकडे येईतो बाळांचा उंचवटा जवळजवळ सपाट झालेला आहे. अमेरिकेतही याच सुमारास रुग्णांमध्ये प्रौढ जास्त झाले, मुलं कमी.

म्हणजे तिथे रोगाचं ओझं संपलेलं नाही. ते पाळण्यातून उठून चाळिशीच्या खांद्यावर गेलं आहे. आपल्याकडे अजून ते पाळण्यातच आहे, आणि तिथेच पुरलं जातं.

पूर्ण सांगायचं तर मृत्यूंतल्या त्या घटीचा एक भाग वेगळा आहे. अनेक श्रीमंत देशांत पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत गंभीर दोष दिसतो आणि काही जोडपी गर्भपाताचा निर्णय घेतात. अर्ध्या हृदयाची, म्हणजे हृदयाची एक बाजू नीट न घडलेली, बाळं तिथे जन्मालाच कमी येतात. तो त्यांचा निर्णय, त्यावर शेरा मारणारी मी कोण. पण त्यांचे आकडे आपल्यापुढे नाचवताना हे झाकून ठेवू नये. आपल्याकडे लाखांदूरच्या बाईला सोनोग्राफीला वडसा किंवा ब्रह्मपुरी गाठणं भंडाऱ्यापेक्षा सोयीचं पडतं, आणि तिथेही बाळाच्या हृदयाचे चारही कप्पे नीट बघणारी नजर मिळेलच असं नाही.

श्रीमंत देशांकडे पैसा आहे, यंत्रं आहेत, सर्जन आहेत, हे कुणीही सांगेल. १९३८ मध्ये बोस्टनला रॉबर्ट ग्रॉस यांनी जन्मानंतरही उघडी राहिलेली ती नळी पहिल्यांदा यशस्वीपणे बांधली. १९४४ मध्ये बाल्टिमोरला आल्फ्रेड ब्लॅलॉक, हेलन टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांनी निळ्या बाळांसाठी पहिलं ऑपरेशन केलं. टॉसिगबाईंना ऐकू कमी येई. त्या बाळाच्या छातीवर बोटं ठेवून आवाजाचा कंप ओळखत. पंख्याच्या घरघरीला वैतागले की मला त्या आठवतात. पण माझ्या मते त्या देशांनी केलेलं आपल्या कामाचं काम वेगळंच आहे. त्यांनी मेलेली मुलं मोजली.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचं उदाहरण द्यायलाच हवं. तिथल्या रुग्णालयात १९८० ते ९० च्या दशकांत हृदयाच्या ऑपरेशननंतर दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण इतर केंद्रांपेक्षा जास्त होतं. स्टीव्ह बोल्सिन नावाच्या भूलतज्ज्ञानं स्वतः आकडे जमवले, वरिष्ठांना दाखवले. कुणाला ते आवडले नाहीत. शेवटी तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला. प्रकरण उघड झालं, सार्वजनिक चौकशी बसली, २००१ मध्ये इयान केनेडी यांचा अहवाल आला. १९९१ ते ९५ या काळात वर्षाखालची ३० ते ३५ बाळं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली, असं त्यात होतं. त्यानंतर त्या देशात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं करणाऱ्या केंद्रांचे निकाल लोकांसमोर मांडले जाऊ लागले. तीस-पस्तीस बाळं, तीही काही वर्षांत मिळून. आपल्या एका जिल्ह्याच्या गुणाकारात जवळपास तेवढी बाळं एका वर्षात बसतात, आणि आपल्याला चौकशी सोडा, साधी शंकासुद्धा येत नाही.

मग करायचं काय? एक गोष्ट मला सगळ्यांच्या आधी हवी आहे, आणि ती फार महाग नाही. जिल्ह्यात दवाखान्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला, घरी सोडण्यापूर्वी, जन्मानंतर चोवीस तास उलटल्यावर, पल्स ऑक्सिमीटर लावायचा. उजव्या हाताला एकदा, कुठल्याही एका पायाला एकदा. दोन्हीपैकी एक आकडा तरी ९५ किंवा वर हवा आणि दोहोंतला फरक ३ पेक्षा जास्त नको. तसं नसेल तर तासाभरानं पुन्हा. कुठेही ९० च्या खाली आला तर पुन्हा बघत बसायचं नाही, बाळ हलवायचं. हे करायला डॉक्टर लागत नाही. बाळाचं वजन घेणारी स्टाफ नर्स पाच मिनिटांत करते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यानं २०११ मध्ये हे कायद्यानं सक्तीचं केलं. २०१८ पर्यंत सगळी राज्यं त्यात आली. जिथे सक्ती झाली तिथे गंभीर हृदयदोषानं होणारे बाळांचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. नवीन ऑपरेशन नाही, नवीन औषध नाही. पायाला एक पट्टी.

यावर लगेच सांगितलं जातं की ऑक्सिमीटर तर आपल्याकडे पोत्यानं पडलेत. खरंच पडलेत. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी फिरणाऱ्या पथकांना ते मिळाले होते. आजही एखाद्या उपकेंद्राचं कपाट उघडलं की मुदत संपलेल्या सॅनिटायझरच्या बाटलीशेजारी सापडतात, आत फुटलेल्या सेलसकट. पण तो मोठ्या माणसाच्या बोटाला लावायचा चिमटा. नवजात बाळाच्या पायाला तो बसत नाही, बसवलाच तर पाय हलताच खोटे आकडे दाखवतो. बाळांसाठी गुंडाळायची पट्टी असलेला वेगळा प्रोब लागतो, आणि पाय हलला तरी न गोंधळणारं यंत्र लागतं. खरेदीच्या यादीत ‘ऑक्सिमीटर’ एवढंच लिहिलं तर स्वस्तातला चिमटाच येणार, हे ज्यानं सरकारी खरेदी पाहिली आहे त्याला सांगायला नको.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आकडा कमी आलेल्या प्रत्येक बाळाला हृदयदोष नसतो. उगाच धावपळ होईल, नातेवाईक घाबरतील. बरोबर. पण आपल्याकडे ज्या बाळाचा आकडा ९० आहे आणि हृदय ठीक आहे, त्याला बहुतेकदा न्यूमोनिया असतो किंवा जंतुसंसर्ग. असं बाळ आज आपण घरी सोडतो. ते सापडलं तर नुकसान कुणाचं? उलट बाजूनं या पट्टीला सगळं सापडतही नाही. खालच्या कप्प्यांमधलं मोठं भोक तिला दिसत नाही, कारण त्या बाळाचा ऑक्सिजन कमी झालेलाच नसतो. ते दीड-दोन महिन्यांनी कळतं, पिताना घाम येऊ लागतो तेव्हा. तिथे आशाताईंची घरभेट आणि आमचा स्टेथोस्कोप लागतो. आणि तेही वेळेत लागतं, कारण असं भोक वर्षानुवर्षं उघडं राहिलं तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या कडक होतात, आणि मग सर्जन फाइल वाचून नाही म्हणतो. आठवीतल्या मुलाच्या बापाला ‘आता ऑपरेशन करता येत नाही’ हे सांगायची वेळ मी पाहिली आहे. त्याच्याकडे पैशांची अडचण नव्हती. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना होती, रायपूरजवळ अटलनगरला एक रुपया न घेता मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं करणारं श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय होतं, वरठीच्या स्टेशनवरून गाडीही होती. उशीर झाला होता, तेवढंच.

दोष मुळात होऊच नये म्हणून जे करता येतं ते थोडं आहे, पण स्वस्त आहे. गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाचे डोळे आणि हृदय दोन्ही बिघडू शकतात. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाला मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांमुळे हा संबंध लक्षात आला. गोवर-रुबेलाची लस आपल्याकडे आहे, ती चुकवू नये. कॅनडानं १९९८ मध्ये पिठात फॉलिक ॲसिड मिसळणं सक्तीचं केलं, त्यानंतर क्युबेकमध्ये गंभीर हृदयदोष वर्षाला सहा टक्क्यांनी घटत गेले. आपण गोळ्या देतो, पण बाळाचं हृदय आठव्या आठवड्यापर्यंत घडून झालेलं असतं आणि आपल्या बायकांची नोंदणी बहुधा त्यानंतर होते. लग्न झालेल्या मुलीला दिवस जाण्याआधीच गोळी सुरू करायला हवी. ते कोण सांगणार, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवते.

कारण मला यादीच्या दुसऱ्या टोकाबद्दलही बोलायचं आहे. २०१३-१४ मध्ये कार्यक्रम नवा असताना सापडलेली मुलं आता विशीच्या आसपास आहेत. ऑपरेशन झालं, फोटो काढला, हार घातला, अहवाल गेला. अठरा वर्षं पूर्ण झाली की त्यांचं नाव आमच्या कामातून गळतं. मला एक मुलगी माहीत आहे. लहानपणी तिचं फॅलोचं ऑपरेशन झालं. शाळा झाली, आता घरात सोयरिकीची बोलणी चालू आहेत. छातीवर मधोमध उभा व्रण आहे, गळाबंद ब्लाउज शिवते. मी घरी गेले तर आईनं चहा ठेवला आणि दार लोटून घेतलं. ‘सोयऱ्यायले सांगू नका जी मॅडम.’ मी म्हटलं, सांगणार नाही, पण शेवटची तपासणी कधी केली? ऑपरेशननंतरच्या वर्षी. त्यानंतर नाही. कशाला? बरी झाली ना ती.

ही समजूत तिच्या आईची एकटीची नाही, आमच्या अहवालाचीही तीच आहे. फॅलोच्या ऑपरेशनमध्ये फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करावी लागते, आणि पुष्कळदा त्यात तिथली झडप कापली जाते. चौकट तासून मोठी केलेल्या दाराला फट राहावी तशी मग ती झडप गळत राहते. दहा-पंधरा वर्षं काहीच जाणवत नाही. हळूहळू उजवा कप्पा फुगतो, ठोके चुकायला लागतात, आणि विशी-तिशीत कुणाकुणाला नवी झडप बसवावी लागते. गरोदरपणात हृदयावर जवळपास दीडपट काम पडतं. अशा मुलीनं दिवस राहण्याआधी एकदा इको करावा, आणि कुठे बाळंत व्हायचं ते आधी ठरवावं. बहुतेकींची बाळंतपणं नीट होतात, हेही तिला सांगायला हवं. ते कुणी न सांगितल्यामुळेच तर लपवाछपवी चालते. शिवाय तिच्या बाळातही दोष असण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, तेव्हा त्याची सोनोग्राफीही नीट व्हायला हवी.

श्रीमंत देशांना हा धडा उशिरा कळला. लंडनमध्ये जेन सॉमरव्हिल यांनी १९७५ मध्ये अशा मोठ्या झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू केला, कारण बालरुग्ण विभाग म्हणे ही आता मुलं नाहीत आणि मोठ्यांचे हृदयरोगतज्ज्ञ म्हणत हे आमचे रुग्ण नाहीत. आजही तिथे बरेच तरुण तपासणीला यायचे थांबतात. पण त्यांचं नाव कुठल्यातरी नोंदीत असतं. शोधायचं म्हटलं तर शोधता येतं. केरळनं २०१७ मध्ये ‘हृद्यम’ सुरू करताना बाळाची नोंद जन्मापासून एकाच ठिकाणी राहील अशी सोय केली. आपल्या जिल्ह्यातली ऑपरेशन झालेली मुलं एवढी थोडी आहेत की एका वहीत मावतील. ती वही अठराव्या वर्षी बंद करू नका, एवढंच मागणं आहे. वर्षातून एकदा भंडाऱ्याला इको शिबिर होतंच. त्यात अर्धा दिवस या मोठ्या मुलांना द्या, आणि येण्याजाण्याचं भाडं द्या. जनआरोग्य योजना भरती झालेल्या रुग्णाचा खर्च उचलते. अशा तपासणीसाठीचं बसचं तिकीट आणि बुडालेली मजुरी तिच्यात बसत नाही, आणि माणसं तिथेच अडतात.

आणि यादीच्या अलीकडच्या बाळांसाठी? ऑक्सिमीटरच्या पट्टीची सुरुवात साकोली आणि तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयांपासून करा, जिथे बाळंतपणं जास्त होतात. महिना-दोन महिन्यांत कळेल काय जमतं. बालमृत्यूच्या कागदावर, पहिल्या आठवड्यात घरी गेलेल्या बाळासाठी, एक प्रश्न वाढवा: सोडताना ऑक्सिजनचा आकडा किती होता?

हे सगळं मी एका प्रसूतिगृहातल्या अनुभवी सिस्टरांपुढे मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पट्टी लावू, म्हणाल्या, वजनाच्या वेळेलाच लावू, त्यात काय. मग म्हणाल्या, ‘पण मॅडम, रात्री दोनला आकडा ८४ आला तर फोन कुणाला करायचा?’ सगळं घोडं तिथेच अडतं. १०८ची रुग्णवाहिका येईल, भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर आहे, पण जन्मानंतर बंद होणारी ती नळी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन फ्रिजमध्ये लागतं, सलाइनमधून थेंबाथेंबानं द्यावं लागतं, आणि त्यानं बाळाचा श्वास मधेच थांबू शकतो, म्हणून सोबत श्वास देता येणारं माणूस लागतं. नवजाताच्या हृदयाचं ऑपरेशन करणारी केंद्रं मोजकी, त्यांच्याकडे त्या रात्री खाट आहे का हे आधी विचारावं लागतं. यातलं एकही काम सिस्टरांचं नाही. जिल्ह्यात एक माणूस, एक नंबर, चोवीस तास. तो नंबर प्रत्येक प्रसूतिकक्षाच्या भिंतीवर, आणि ते इंजेक्शन भंडारा, साकोली, तुमसर इथल्या फ्रिजमध्ये. सिस्टरांनी प्रोबची मागणी लिहून दिली आहे. नंबरची जागा कोरी ठेवली आहे.